वाचक विचारतात : डेथ मेटल, घसा आणि बंद दारामागचा आवाज

मागच्या अंकात मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळी सगळा कॉलम डेथ मेटललाच देतोय, म्हणजे घोगऱ्या आवाजातलं, जड गिटार आणि वेगवान ड्रमचं ते संगीत. त्यातही ज्यांच्या मागे कुठली कंपनी नाही, स्वतःच्या खिशातून सगळं करतात, त्या बँडबद्दल जास्त. मी स्वतः अशा एका बँडमध्ये सहा वर्षं बास गिटार वाजवलीय, त्यामुळे काही गोष्टी ऐकीव नाहीत, अंगावर घेतलेल्या आहेत.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. रोज रात्री दार लावून घशातून जनावरासारखा घोगरा आवाज काढत बसतो, म्हणतो बँडसाठी प्रॅक्टिस आहे. त्याचा घसा कायमचा जाईल का? आणि खरं सांगा, मुलगा हातातून चाललाय का? — एक आई, डोंबिवली

ताई, आधी घशाचं सांगतो. या आवाजाला ग्राउल म्हणतात आणि तो नीट काढला तर ते ओरडणं नसतंच. आपल्या खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्या जवळ आणून पोटातून सावकाश हवा सोडली की तो खर्ज घुमतो, आणि बाकीचं काम माइक करतो. चांगला ग्राउल करणाऱ्याच्या शेजारी माइकशिवाय उभं राहिलात ना तर आश्चर्य वाटेल, आवाज एवढासा असतो. आमचा गायक शोच्या आधी हॉलच्या मागच्या जिन्यात भिंतीकडे तोंड करून दहा मिनिटं नुसता ओठ मिटून गुणगुणायचा, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास, आणि त्या वेळात कोणी बोलायला गेलं तर हातानेच थांब म्हणायचा. अमेरिकेत मेलिसा क्रॉस नावाच्या बाई मेटल गायकांना हेच शिकवतात, घसा न फाडता कसं किंचाळायचं ते.

त्याला फक्त एवढं विचारा, "दुखतं का?" दुखत असेल, खाजत असेल, सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असेल तर तो चुकीचं करतोय आणि त्याने लगेच थांबायला हवं. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. थंड पाणी, सिगरेट आणि सर्दी झालेली असताना प्रॅक्टिस, हे तीन बंद.

आता दुसरं, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. तुम्हाला फ्लोरिडातल्या एका घरातली गोष्ट सांगतो. चक शुल्डिनर ९ वर्षांचा होता तेव्हा त्याचा १६ वर्षांचा मोठा भाऊ कार अपघातात गेला. पोरगं दुःखात बुडू नये म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली, क्लासला घातलं, पण ते क्लासिकल शिकणं त्याला काही आवडलं नाही आणि त्याने जवळजवळ सोडूनच दिलं. मग आईवडिलांना एका घरी जुन्या सामानाच्या विक्रीत इलेक्ट्रिक गिटार दिसली, ती त्यांनी घेतली आणि त्यानंतर मुलाने ती खाली ठेवली नाही. १९८३ मध्ये त्याने मँटस नावाचा बँड काढला, पुढच्याच वर्षी त्याचं नाव डेथ झालं, आणि आज ज्याला आपण डेथ मेटल म्हणतो त्याचा पाया घालणाऱ्या पहिल्या दोन-तीन बँडमध्ये तो मोजतात. त्याने शाळा अर्धवट सोडली आणि पुढे त्याला त्याचा पस्तावा झाला, हेही तुमच्या मुलाला जरूर सांगा. १९९९ मध्ये त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवसाला मेंदूत गाठ असल्याचं कळलं, उपचाराचा खर्च घराला झेपेना तेव्हा इतर बँडनी आणि चाहत्यांनी पैसे गोळा केले, १३ डिसेंबर २००१ ला तो गेला. त्यानंतर त्याच्या चाहत्यांशी बोलणारी, त्याचं काम जपणारी त्याची आईच होती.

मुलगा हातातून चाललेला नाही ताई. जो मुलगा रोज ठरल्या वेळी एकच अवघड गोष्ट घोटतोय, तीन मित्रांशी वेळ जुळवतोय, त्याच्याकडे शिस्त आहे. एकदा आत जाऊन बसा, पाच मिनिटं ऐका. आवडायलाच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. नातवाने या गाण्यांचे शब्द वाचून दाखवले, सगळं प्रेतं, रक्त, रोगराई. एवढं ओंगळ कशासाठी? — कुडाळ

गुरुजी, तुम्ही कुडाळचे, म्हणजे दशावतारी नाटकं बघत मोठे झालात. रात्री दोन वाजता राक्षस येतो, पखवाज आणि झांज चढत जाते, सगळं गाव ताठ बसतं, मागच्या रांगेतली पोरं आईच्या पदरात तोंड खुपसतात आणि तरी एक डोळा उघडा ठेवतात. तो एक डोळा का उघडा असतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. भीतीला समोर रंगवून उभं केलं की ती सोसता येते, डेथ मेटलचा पसारा यावरच उभा आहे.

आणि सगळे बँड कायम प्रेतांवरच लिहितात असंही नाही. डेथचा पहिला अल्बम १९८७ चा, तो पूर्ण रक्तामांसाचा आहे, पण १९९० पासून चक शुल्डिनर ढोंगी बुवाबाजी, विश्वासघात, माणसाचं मन अशा विषयांवर लिहायला लागला. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचा बोल्ट थ्रोअर बँड आयुष्यभर युद्धावर लिहीत राहिला. आणि आता गंमत बघा, डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये जो अल्बम काढला त्याचं नावच 'दशावतार', मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणं. नातवाला नरसिंहाचं लावायला सांगा आणि खांब फुटतो तो प्रसंग मनात आणून ऐका. मला तरी त्या प्रसंगाला बासरीपेक्षा हाच आवाज शोभतो असं मनापासून वाटतं.

काही बँडचे शब्द मला स्वतःला झेपत नाहीत, विशेषतः बायकांवरच्या हिंसेचे. ते मी ऐकत नाही आणि नातवालाही तुम्ही तसं स्पष्ट सांगू शकता, त्यात जुनाट असं काही नाही.

प्रश्न : हेवी मेटल आणि डेथ मेटल एकच ना? — सोलापूर

नाही. हेवी मेटल हे आजोबा, डेथ मेटल हा नातू. गायन ग्राउलमध्ये, गिटारचा सूर नेहमीपेक्षा खाली उतरवून लावलेला, आणि ड्रमवर ब्लास्ट बीट म्हणजे पाय आणि दोन्ही हात मिळून बंदुकीसारखे अखंड ठोके. ढोलपथकात वाजवलेल्या माणसाला हे लगेच कळेल, वेग कितीही वाढला तरी टोल एकसारखा पडायला हवा, तिथेच कस लागतो.

प्रश्न : आम्ही चौघे, सगळे नोकरीवाले, पाच गाणी तयार आहेत. अल्बम काढायचाय पण लेबल कोणी विचारत नाही. घरीच रेकॉर्ड करावं का, आणि पैसे परत येतात का? — नाशिक

मित्रा, लेबलची, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीची, वाट बघत बसू नका. साहिल मखिजाने २००० मध्ये मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन सुरू केला तेव्हा इथे असल्या संगीताला विचारणारं कोणी नव्हतं, तर त्याने स्वतःचंच लेबल काढलं, दुसऱ्या बँडचे अल्बमही त्यावर आणले, फेस्टिव्हल भरवला, वर यूट्यूबवर स्वयंपाकाचा चॅनेलही चालवतो. मुंबईचाच गट्सलिट २००७ पासून आहे, तेही असंच स्वतःच्या जोरावर युरोपच्या टूर करून आले. आमच्या वेळी धोबीतलावच्या रंगभवनात वर्षातून एकदा आय-रॉक या रॉक फेस्टिव्हलला उभं राहायला मिळालं तरी पोरं जन्म सार्थकी लागल्यासारखी नाचायची, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले शो बंद झाले आणि आम्ही सगळे अक्षरशः पोरके झालो.

घरी रेकॉर्ड जरूर करा. गिटार आणि बास इंटरफेसमधून (वाद्य कॉम्प्युटरला जोडणारा छोटा डबा) सरळ कॉम्प्युटरवर घ्या, अँपचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये नंतर लावता येतो, शेजारीही झोपतात. ड्रमसाठी मात्र चांगली खोली आणि सात-आठ माइक लागतात, ते घरी होत नाही, म्हणून एकतर इलेक्ट्रॉनिक ड्रमवर वाजवून घ्या नाहीतर एका दिवसाचा स्टुडिओ घ्या आणि त्या दिवसाआधी ड्रमरला क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या टिकटिकीवर, पाचही गाणी झोपेतही वाजवता येतील इतकी घोटून घ्यायला लावा. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एकत्र करणं, स्वतः करू नका. तीन महिने तेच ऐकून कान मेलेले असतात, बाहेरच्या माणसाला द्या आणि पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा, इथे नको.

पैशाचं खरं सांगतो. ऐकण्याच्या ॲपवरून येतो तो चहाचा खर्च. बँडकँप या, बँडना स्वतःची गाणी विकता येणाऱ्या वेबसाइटवर बरं पडतं, डिजिटल विक्रीतले ते साधारण १५ टक्के ठेवतात आणि पेमेंटचा खर्च वेगळा, बाकी तुमचं. पण बँड जगतो तो टीशर्टवर. आम्ही पहिल्यांदा ५० टीशर्ट छापले, ड्रमरच्या घरी पलंगावर एकावर एक घड्या घालून रात्री एक वाजेपर्यंत साइजचे स्टिकर लावत बसलो होतो, त्याची आई मध्येच येऊन म्हणाली एक्सएल जास्त करायला हवे होते रे, आणि तेच बरोबर निघालं, एक्सएल पहिल्या शोलाच संपले आणि स्मॉल वर्षभर माझ्या कपाटात होते. तेव्हा एल आणि एक्सएल जास्त छापा, काळ्या कापडावर शाई चांगली बसेल असा छपाईवाला शोधा, एक धुवून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

भाव मात्र वाजवी ठेवा. बोल्ट थ्रोअर एवढा मोठा बँड असून तिकीट आणि टीशर्ट कायम स्वस्तात द्यायचे, त्यासाठी आजही लोक त्यांचं नाव मानाने घेतात. २०१५ मध्ये त्यांचा ड्रमर अचानक गेला, वर्षभराने त्यांनी बँडच थांबवला, त्याच्या जागी दुसरा आणला नाही. मी त्यांची ही गोष्ट प्रत्येक नव्या बँडला सांगतो, कारण चौघांच्या मध्ये काय असायला पाहिजे ते त्यात आहे.

आणि शोचे पैसे आधी लेखी ठरवा, व्हॉट्सॲपवर का होईना. आम्हाला एका आयोजकाने पुण्याला बोलावलं, आठ जण आणि सगळं सामान एका सुमोत कोंबून गेलो, वाजवलं, आणि रात्री साडेअकराला तो माणूस फोन उचलेना. डिझेलचे पैसे चौघांनी वाटून घेतले. त्या रात्रीनंतर अर्धी रक्कम हातात आल्याशिवाय आम्ही गाडी बाहेर काढली नाही.

प्रश्न : वरच्या मजल्यावर पोरं प्रॅक्टिस करतात, भिंतीला अंड्यांचे ट्रे लावलेत तरी आवाज येतोच. — ठाणे

येणारच. अंड्याच्या ट्रेने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो, आवाज बाहेर जायचा थांबत नाही, त्याला वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं. तुमच्याकडे येतोय तो बहुतेक ड्रमच्या पेडलचा दणका, जमिनीतून उतरणारा. त्यांना पेडलखाली जाड रबर मॅट टाकायला सांगा, रोजच्या सरावाला रबरी पॅड वापरायला सांगा, आणि संध्याकाळची एक वेळ ठरवून घ्या. चढून जाऊन शांतपणे बोललात तर ऐकतील, माझ्या अनुभवात ही पोरं दिसतात त्याच्या अगदी उलट असतात.

प्रश्न : दादा, मी २२ वर्षांची आहे, मला ग्राउल करायचंय. बँडवाली मुलं म्हणतात मुलींचा आवाज एवढा जड होत नाही. खरं आहे का? — कोल्हापूर

अजिबात खरं नाही. २००० मध्ये स्वीडनच्या आर्च एनिमी बँडमध्ये अँजेला गॉसो ही जर्मन मुलगी आली आणि तिने १४ वर्षं तो बँड जगभर गाजवला. नाव न सांगता ऐकवलं तर बाई गातेय हे अनेकांना ओळखू येत नाही. ब्राझीलमध्ये २०१९ ला क्रिप्टा नावाचा बँड निघाला, सगळ्या मुली, आणि चोख डेथ मेटल. खोट्या स्वरतंतूंना बाई-पुरुष कळत नाही गं.

सुरुवात अशी कर. पाठीवर झोप, पोटावर एक वही ठेव, श्वास घेताना वही वर गेली पाहिजे, छाती नाही. मग उन्हातून आल्यावर आपण "हाऽऽ" करून सुस्कारा टाकतो तसा टाक, आणि त्यात हळूच खरखर मिसळ, जोर अजिबात लावायचा नाही. रोज दहाच मिनिटं, दुखलं की बंद. दर रविवारी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव आणि दोन महिन्यांनी पहिलं आणि शेवटचं एकापाठोपाठ लावून ऐक. ते रेकॉर्डिंग मलाही पाठव, मला खरंच ऐकायचंय.