काटा चढतो, पण पाणी उकळत नाही

प्रश्न : माझी 1997 सालची पेट्रोल व्हॅन आहे. सोलापूरहून तुळजापूर आणि अक्कलकोटला भाविकांना नेण्यासाठी मी ती वापरतो. दोन महिन्यांपासून तापमानाचा काटा 'एच'जवळ जाऊन थांबतो आणि रात्री दिवे लावले की आणखी वर सरकतो. पेट्रोलचा काटाही अर्धी टाकी असताना पूर्ण भरलेली दाखवतो. पाणी मात्र उकळत नाही. फिटरने सेन्सर दोनदा बदलला, तरी फरक पडला नाही. आता हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधील सील) बदलावे, असे तो म्हणतो. काय करावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : गॅस्केटची घाई करू नका. आपण पेट्रोलच्या काट्याचा उल्लेख ओघात केला आहे, पण निदानाची किल्ली तिथेच आहे. इंजिनातील सेन्सर आणि टाकीतील फ्लोट यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसल्यामुळे दोन्ही काटे एकाच वेळी चुकू लागले, तर दोष त्यांच्या सामाईक भागात, म्हणजे मीटरच्या अर्थिंगमध्ये (मीटर गाडीच्या बॉडीला जिथे जोडलेले असते त्या जोडात) किंवा मीटरमागील व्होल्टेज स्टॅबिलायझरमध्ये शोधावा. बॅटरीचे 12 व्होल्ट कमी करून दोन्ही काट्यांना स्थिर दाब पुरवणे हे स्टॅबिलायझरचे काम असते. त्याचे अर्थिंग गंजले की काट्यांना जादा दाब मिळतो आणि ते वर जातात. दिवे लावल्यावर मीटरमधील बल्बचा प्रवाहही त्याच गंजलेल्या जोडातून जात असल्यामुळे चूक वाढते.

बॅटरीच्या ऋण टोकापासून एक जाड वायर मीटरच्या अर्थिंगपर्यंत तात्पुरती जोडून पाहा. काटे खाली आले, तर बॉडीवरील अर्थिंगचा स्क्रू काढून पत्रा घासून स्वच्छ करावा आणि पुन्हा घट्ट बसवावा. फरक पडला नाही, तर स्टॅबिलायझर बदलावा. सेन्सरची वायर बॉडीला टेकवून काटा तपासण्याची गॅरेजमधली रीत चुकीची नाही, मात्र ती क्षणभरच टेकवावी. धरून ठेवल्यास काट्याचे गेज जळू शकते.

तरीही दुरुस्ती होईपर्यंत काटा खोटाच आहे असे गृहीत धरू नये. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात तुळजापूरचा घाट आणि भरलेली गाडी. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी असेल, तर क्षार साचतात; त्याऐवजी कुलंट भरावे.

पहिला सेन्सर टाकून दिला नसेल, तर जपून ठेवा. तो बहुधा निर्दोषच होता.