सुई हलली, पुढं काय?

पोरी,

तुझा मेसेज वाचला. औशाची लेक ज्वालामुखीवर काम करायचं म्हणते, तेव्हा घरचे हसणारच. (मलाही हसले होते.) हसणाऱ्याला आपल्या विहिरीच्या काठावर उभं कर. वर काळा पाषाण, खाली मांजऱ्या (बारीक भोकांचा मऊ खडक), मधे विटेसारखा लाल पट्टा, परत काळा. एकेक काळा थर म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाल पट्टा म्हणजे दोन लोटांमधली उसंत. आता देशात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथं वस्ती नाही. म्हणून तुला बाहेर जावं लागेल.

उपकरणं तू शिकशील. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर सरकला की बारीक धक्के बसतात, डोंगर फुगतो, गंधकाचा वायू वाढतो. डोंगराचा कल मोजणारा टिल्टमीटर इतका हळवा, की किलोमीटरभर लांब सळईचं एक टोक मिलिमीटरनं उचललं तरी त्याला कळतं. पण आकडा वाचायला अक्कल लागते. १९९१च्या मे महिन्यात फिलिपिन्सच्या पिनाटुबो ज्वालामुखीवर सल्फर डायऑक्साइड, म्हणजे तोच गंधकाचा वायू, दिवसाला ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला, मग एकदम घटला. नवख्याला वाटावं, डोंगर निवला. खरं तर वायूची वाट बुजली होती आणि आत दाब चढत होता. तिथल्या शास्त्रज्ञांनी ते ओळखलं, हजारो माणसं आधीच हलवली. १५ जूनला डोंगर फुटला.

आणि कोलंबियातलं आर्मेरो गाव? धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार होता. १३ नोव्हेंबर १९८५ला दुपारी राख पडली, तरी लोकांना सांगितलं, घरात शांत बसा. रात्री नऊनंतर ज्वालामुखीचा स्फोट झाला, शिखरावरचा बर्फ वितळला, नदीतून चिखलाचा लोंढा निघाला. गावात पोचायला त्याला सुमारे अडीच तास लागले. अडीच तास! तेवढ्यात म्हातारं माणूसही टेकाड चढलं असतं. सुमारे २३,००० गेले.

हे वाचताना मला किल्लारी दिसते. १९९२च्या पावसाळ्यात तिथं धक्क्यांवर धक्के बसले. माणसं अंगणात निजली. मोठं काही झालं नाही, थंडी पडली, बाजा आत गेल्या. पुढच्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलं असताना, दगडमातीच्या भिंती न् माळवदं अंगावर आली. भूकंपाची वेळ कुणालाच सांगता येत नाही, तिथं दोष कुणाला देऊ? पण सावध राहून माणूस थकतो, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्वालामुखीचंही तेच. १९७६ला कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ७०,०००वर लोक काही महिने घराबाहेर राहिले आणि मोठा स्फोट झालाच नाही. पुढच्या हाकेला उठवणं किती अवघड, विचार कर.

गणित, भौतिकशास्त्र पक्कं कर. हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) आपल्याला जवळ आहे, सुट्टीत तिथं काही करता येतं का बघ. पण त्याआधी एक काम. डोंगर फुटायच्या बेतात आहे असं समजून, गावाला द्यायची चार ओळींची सूचना आपल्या बोलीत लिही. 'सतर्क राहा' हा शब्द वापरायचा नाही. मग आज्जीला वाचून दाखव. 'अगं, पण जायचं कुठं? आणि म्हशीचं काय?' असं तिनं विचारलं, तर कागद फाड आणि नव्यानं लिही.

तिनं चप्पल पायात घातली की मला फोन कर.

तुझे सर