दोन महिने उन्हात फिरून मुलीला काय मिळणार?

उत्तर नागपुरातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते गवंडीकाम करतात. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र घेऊन. घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. पीएच.डी. करणारी एक ताई वस्त्यांमधल्या घरांतल्या उष्णतेचा अभ्यास करते आहे आणि तिला या मुलीला उन्हाळ्याचे दोन महिने सोबत घ्यायचं आहे. वडील विचारतात, ‘ताईचं काम होईल, पण माझ्या पोरीचं काय होईल? त्यापेक्षा स्पर्धा परीक्षेचा क्लास लावून देऊ का?’

भाऊ, तुमची शंका रास्त आहे. एम.एस्सी. करताना मी स्वतः एका ठिकाणी अख्खा उन्हाळा पावसाचे जुने आकडे रजिस्टरमधून संगणकात भरत बसलो होतो. ते कशासाठी, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही भीतीपोटी विचारलं नाही. अहवालात नाव आलं नाही, याचं वाईट वाटलंच. पण दोन महिन्यांत काहीच शिकलो नाही, हे जास्त सलतं. म्हणून मुलीला पाठवा असं मी म्हणणार आहे, पण आधी ताईशी बोलून घ्या.

पोरगी फक्त आकडे टिपून आणणार, की त्या आकड्यांचा आलेख काढून त्यातून काय दिसतं हेही शिकणार? आठवड्यातून एकदा तरी ताई तिच्यासोबत निवांत बसणार का? तिच्या कामाची नोंद लेखी कुठे होणार? जाण्यायेण्याचा खर्च कोण देणार? भर दुपारी फिरायचं असेल तर सोबत कोण? हे विचारताना संकोच करू नका. चांगली मार्गदर्शक अशा प्रश्नांनी रागावत नाही.

आता हे काम आहे तरी काय, ते सांगतो. हवामान खातं सांगतं ते तापमान पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीतलं असतं. पेटी मोकळ्या जागेत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, आत सावली आणि वारा खेळता. टिनाच्या छपराखाली दुपारी चूल पेटवणाऱ्या बाईच्या डोक्यावर किती अंश असतं, हे त्या पेटीतून कळत नाही. टिन दुपारी भट्टीसारखं तापतं आणि रात्री लवकर निवतं. स्लॅब मात्र दिवसभराची उष्णता धरून ठेवतो आणि रात्री खाली सोडतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, स्लॅब तर तुम्हीच टाकता. म्हणूनच मोजायचं यंत्र कोणत्या घरात, कुठे लटकवायचं आणि घरमालकिणीशी कसं बोलायचं, यात तुमची पोरगी ताईलाही शिकवेल.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातमी झाली. हवामान खात्यानं तपासलं, तर सेन्सर बिघडलेला. आलेल्या आकड्यावर लगेच विश्वास न ठेवता शेजारच्या केंद्राचा आकडा काय म्हणतो ते बघायचं, ही सवय पुस्तकातून लागत नाही. चार पावलं पुढे गेलेलं कुणीतरी बाजूला बसून लावतं. प्रोफेसरांपुढे तोंड न उघडणारी मुलं ताईला बिनधास्त ‘हे मला नाही समजलं’ म्हणतात. पहिल्या पिढीतल्या मुलीसाठी मला हे फार मोलाचं वाटतं.

क्लासचंही बोलू. स्पर्धा परीक्षा आणि हे काम यांचं वैर नाही. २०२२ मध्ये कर्मचारी निवड आयोगानं हवामान खात्यासाठी सायंटिफिक असिस्टंटच्या ९९० जागांची परीक्षा घेतली होती. पदवीला भौतिकशास्त्र असलेल्यांना ती देता येत होती, मात्र प्रथम श्रेणी, म्हणजे ६० टक्के, हवे होते. म्हणून गुण सांभाळायला सांगा. पुढे संशोधनात राहायचं ठरलं, तर नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७ हजार रुपये मिळतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, त्यासाठी शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. ताईसोबतचं काम त्या अर्जात लिहिता येईल. नागपुरातच नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, रिमोट सेन्सिंगचं, म्हणजे उपग्रहांच्या नोंदींवरून जमिनीचा अभ्यास करणारं, राज्य केंद्र आहे, सोनेगावला हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. यातल्या एका तरी ठिकाणी ताईनं तिला घेऊन जावं, असं आधीच सुचवा.

क्लास ऑगस्टपासूनही लागतो. येत्या रविवारी ताईला घरी बोलवा, मुद्दाम दुपारी दोनला. चहा द्या, आणि पहिलं यंत्र तुमच्याच घरात लावायला सांगा. ती कशी समजावून सांगते, हे ऐकून तुमचं तुम्हीच ठरवा.