आग मिरचीची, खाज कुणाची?

प्रश्न : आमचा बायकांचा बचत गट आहे. मार्चपासून मे अखेरपर्यंत मालवणी मसाला करतो, बाकी वर्षभर लसणीची आणि सोड्यांची सुकी चटणी. मसाला केला की त्या रात्री हातांची नुसती आग होते, सकाळपर्यंत निवते. त्याचं काही वाटत नाही. पण गेली दोनेक वर्षं बोटांची टोकं फुटतात, सालं निघतात, खाज येते. पावसाळ्यात मिरचीला हातही लागत नाही, तरी हे चालूच असतं. मेडिकलमधून आणलेलं क्रीम लावलं की बरं वाटतं, सोडलं की पुन्हा तेच. घरचे म्हणतात, मिरचीची अ‍ॅलर्जी आहे, मसाल्याचं काम सोड. सोडू का? – एक भगिनी, मालवण तालुका

उत्तर : ताई, सोडू नका. निदान मिरचीपायी तरी नको. माझ्या कुडाळच्या दवाखान्यात एप्रिल-मे महिन्यांत ‘बाईनू, हात नुसते भाजतत’ म्हणत बायका येतात, आणि प्रत्येकीने ‘मिरचीची अ‍ॅलर्जी’ हे निदान घरूनच करून आणलेलं असतं. मिरचीवर यात बहुतेक वेळा अन्याय होतो.

तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत, आणि ती तुम्ही स्वतःच नीट वेगळी करून लिहिली आहेत. पहिलं आगीचं. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या कातडीतल्या उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. चटका बसल्यावर जी नस मेंदूला खबर देते, तीच इथे खोटी खबर देते. ही यंत्रणा 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने शोधली आणि 2021 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. सांगायचा मुद्दा असा, की ही आग कुणालाही होईल. बेडगीने कमी, लवंगीने जास्त, एवढाच फरक. ती अ‍ॅलर्जी नव्हे. मिरचीची खरी अ‍ॅलर्जी असते, पण क्वचित.

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नळाखाली हात धरून उपयोग होत नाही, आणि गरम पाण्याने तर आग वाढते. आधी खोबरेल चोळा, जुन्या फडक्याने पुसून काढा, मग भांड्यांच्या साबणाने आणि गार पाण्याने धुवा. नखांच्या कडा विसरू नका, मिरचीची देठं काढताना सगळं तिथेच जाऊन बसतं. लिंबू चोळायची पद्धत आहे, ती मात्र सोडा. फुटलेल्या बोटांवर लिंबाचा रस म्हणजे दुसरा त्रास विकत घेणं.

आता दुसरं दुखणं, टोकांना येणारी खाज. अ‍ॅलर्जीची चाल वेगळी असते. वर्षानुवर्षं हाताळलेली वस्तू एके दिवशी शरीराला परकी वाटू लागते आणि त्यानंतर दर वेळी स्पर्श झाल्यावर एक-दोन दिवसांनी, कधी तीन दिवसांनी पुरळ उठतं, खाज येते, कातडी सुटते. सोमवारच्या कामाची खाज बुधवारी. त्यामुळे माणूस बुधवारी काय केलं ते आठवत बसतो आणि चोर सुटतो.

तुमच्या बाबतीत माझा संशय लसणीवर आहे. मिरची बंद असते तेव्हाही चालणारं काम तेच, आणि नेमकी टोकंच फुटतात. लसणीतला डायअलाइल डायसल्फाइड हा घटक याला कारण ठरतो. डॉक्टरी पुस्तकांत याचं चित्र ठरलेलं आहे : डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कोरडी, भेगाळलेली, कारण पाकळी त्या बोटांत धरलेली असते आणि सुरी उजव्या हातात. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी आडाळी, म्हणजे आपली विळी, पाहिलेली नाही! पायाखाली आडाळी दाबून चिरणाऱ्या बाईच्या दोन्ही हातांत जिन्नस असतो, आणि लसूण सोलायला तर दोन्ही हातांची नखं लागतात. म्हणून आपल्याकडे दोन्ही हातांची टोकं फुटलेली दिसली तरी मी लसूण वगळत नाही. हात उलटे करून बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट खराब आणि करंगळी स्वच्छ असेल, तर माझा संशय आणखी पक्का.

हातमोजे घातले की झालं, असं वाटेल. लसणीचा हा घटक साध्या रबरी हातमोज्यांतूनही आत झिरपतो, आणि काहींना त्या रबराचीच अ‍ॅलर्जी असते. महिनाभर लसूण सोलायचं काम गटातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या, तुम्ही मसाला भाजायला बसा. भेगा भरल्या की मिरचीलाही हात लावा, आत सुती आणि वर नायट्राइलचे हातमोजे घालून. घाम आला की काढून हात कोरडे करायचे. घरचे म्हणतात त्याच्या बरोब्बर उलटं सांगते आहे, ठाऊक आहे मला. खाण्यातली लसूण बहुतेकांना चालते, ती बंद करायची घाई नको.

रात्री झोपताना व्हॅसलिन लावा, किंवा मुठेल. टाचांच्या भेगांना आपण जो कोकमाचा गोळा लावतो तोच, जरा कोमट करून. मेडिकलमधलं ते क्रीम मात्र आज बंद. या मिश्र क्रीमांत बहुधा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. खाज दबते, कातडी पातळ होत जाते, आणि मुळात नायटा असेल तर तो आणखी पसरतो. स्टेरॉइड वाईट नाही, मीही देते. पण कुठलं, किती दिवस, हे बघणाऱ्याने ठरवायचं.

महिन्याभरात फरक पडला नाही तर पॅच टेस्ट करा. पाठीवर संशयित घटकांच्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून बघतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा. तोवर पाठ भिजवायची नाही. मे महिन्यात कोकणात हे जमत नाही, घामाने पट्ट्या सुटून येतात, डिसेंबर-जानेवारीत या. नेहमीच्या संचातल्या सुगंधी मिश्रणात दालचिनी आणि लवंगेतले घटक असतात, म्हणजे तुमच्या मसाल्यातल्या त्या दोघांची चौकशीही होईल. लसणीचा घटक त्यात नसतो, तो वेगळा मागवावा लागतो, म्हणून आधी कळवा. घरी पाठीवर मसाल्याची पूड बांधून ‘टेस्ट’ करू नका. भाजून निघाल, आणि कळणार काहीच नाही.

प्रश्न : आमची काजूची बाग आहे. ओले काजूगर काढले की हात काळे पडतात, साल जाते. हल्ली हापूस खाल्ल्यावर ओठांभोवतीही पुरळ येतं. संबंध आहे का? – एक बागायतदार, वेंगुर्ले तालुका

उत्तर : आहे. काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो तसाच काजूच्या टरफलातला चीक उततो, आणि एकाची अ‍ॅलर्जी झालेली कातडी दुसऱ्यालाही ओळखते. आंब्याच्या गरात दोष नाही, तो सालीत आणि देठाजवळच्या चिकात असतो. आंबा धुवा, दुसऱ्या कुणाकडून सोलून, कापून घ्या आणि चमच्याने खा. बाठा चोखायची मजा गेली, त्याला माझा इलाज नाही. काजूगर काढण्याआधी हाताला खोबरेल आणि राख लावायची आपली जुनी रीत चांगली आहे. टरफलं जाळताना धुरात उभे राहू नका, त्यानेही तोंड सुजतं.

प्रश्न : थोरल्या मुलीच्या हळदीनंतर दोन दिवसांनी तिच्या मानेवर, हातांवर पुरळ उठलं. धाकटीचं लग्न ठरलंय. हळदीची अ‍ॅलर्जी असते का? – एक आई, गुहागर

उत्तर : असते, फार जणांना नसली तरी. पण उटण्यातला वासही कारण असू शकतो, म्हणून घरची हळकुंडं दळून घ्या. लग्नाला दोन आठवडे असताना धाकटीच्या कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी तीच भिजवलेली हळद रोज थोडा वेळ लावा आणि आठवडाभर लक्ष ठेवा. खाज, पुरळ आलं नाही तर खुशाल न्हाऊ-माखू घाला. आलं, तर तिच्या हातात नारळ द्या आणि सगळ्यांना सांगा, हळदीचं बोट नारळाला लावा.