डावखुऱ्या हातासाठी लोखंडी रंधा

प्रश्न : मी डावखुरा असून घरच्या घरी सुतारकाम शिकतो आहे. कमी किमतीचा चार नंबरचा लोखंडी रंधा घेतला. परंतु डाव्या हाताने थोडा वेळ काम केले, की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला बेचका हुळहुळतो, करंगळी आखडते आणि ढलपीही एका कडेने जाड निघते. दुकानदार म्हणतात, उजव्या हाताची सवय करा. डावखुऱ्यांसाठी वेगळा रंधा घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उजव्या हाताची सवय करण्याची गरज नाही आणि वेगळा रंधा घेण्याचीही नाही. डावखुऱ्या माणसाला हात बदलायला लावणे हा आपल्याकडचा जुना आग्रह आहे, पण धारदार हत्याराच्या बाबतीत तो मला मुळीच मान्य नाही. चार नंबरच्या रंध्याची मूठ, पुढचा गोल दांडा, पाते आणि ते खाली-वर करणारे पितळी चाक हे सारे मध्यरेषेवरच असते, त्यामुळे तो कोणत्याही हाताला चालतो.

त्रास होतो तो बहुधा मुठीमुळे. स्वस्त रंध्यांची प्लॅस्टिकची मूठ साच्यातून निघते तशीच बसवलेली असते आणि तिच्या पाठीवरून साच्याच्या जोडाची बारीक धार उभी गेलेली असते. नेमकी तीच बेचक्यात रुतते. मूठ काढून अर्धगोल कानशीने ही धार घालवावी, दोन्ही बाजूंच्या कडा गोल कराव्यात, वरच्या शिंगासारख्या टोकाखालचा भाग आपल्या हाताला बसेल एवढाच घासावा आणि शेवटी १२० व मग २४० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा. थोडे घासून, मूठ परत बसवून, हातात धरून पाहावी आणि मगच पुढे घासावे, कारण गेलेले प्लॅस्टिक परत येत नाही. पाते डावी-उजवीकडे कलवणाऱ्या दांडीच्या पत्र्यालाही पुष्कळदा बर, म्हणजे कापताना राहिलेली खरखरीत कड, असते. तुमची तर्जनी तिच्या डाव्या अंगाने जाते, म्हणून ती कडही कानशीने मारून घ्यावी.

मूठ बसवताना ती किंचितही हलत नाही ना, हे पाहावे. मुठीतून जाणारी लांब सळई वरच्या नटने आवळली जाते; सळई जरा लांब असेल, तर नट पूर्ण बसल्यासारखा वाटतो, पण मूठ सैलच राहते आणि प्रत्येक ढकलीला हात घासला जातो. नटखाली एक पातळ वायसर घातला की बहुधा काम भागते.

करंगळी आखडते, कारण ही मूठ चार बोटांसाठी केलेलीच नसते. तीन बोटांनी ती सैलसर धरावी आणि तर्जनी पुढे, पात्याच्या बाजूने सरळ ठेवावी. एवढ्या एका बदलाने मनगट आपोआप सरळ राहते.

जाड ढलपीचा संबंध मात्र हातापेक्षा पात्याशी अधिक आहे. लाकडाची लहानशी चिपटी रंध्याच्या तोंडाच्या डाव्या टोकावरून आणि मग उजव्या टोकावरून, बोटे धारेपासून लांब ठेवून, अलगद पुढे सरकवावी; दोन्हीकडे सारखी ढलपी निघेपर्यंत पाते कलवणारी ती दांडी थोडी थोडी सरकवत राहावे.

आता ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते कामाचे टेबल. आपल्याकडची बहुतेक टेबले उजव्या हाताने काम करणाऱ्यांसाठी बांधलेली असतात : लाकूड घट्ट पकडणारा शेगडा आणि लाकूड अडवणारा ठोकळा डाव्या टोकाला, आणि रंधा उजवीकडून डावीकडे. तुम्हाला उजवा पाय पुढे टाकून, डावा हात मागे ठेवून, डावीकडून उजवीकडे ढकलायचे आहे. टेबल भिंतीला चिकटलेले नसेल, तर दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा. तोच ठोकळा आता तुमच्या उजवीकडे येतो. नवे टेबल करणार असाल, तर शेगडा उजव्या टोकालाच बसवा.

खाच काढणारे आणि लाकडाच्या कडेला टेकणारी पट्टी लावून चालणारे रंधे घेताना मात्र जपावे, कारण त्यांत डावे-उजवे खरोखरच असते. खाच काढणाऱ्या अठ्ठ्याहत्तर नंबरच्या रंध्याची पट्टी दोन्ही अंगांना लावता येते, पण खोली ठरवणारा थांबा एकाच अंगाला असतो. म्हणून तो विकत घेण्यापूर्वी दुकानातच डाव्या हाताने धरून, पट्टी उलट बाजूला लावून पाहावा.