तेल-वायू प्रकल्पांत हाय-स्ट्रेंथ बोल्टचाच आग्रह का? साधा पण जाड बोल्ट का चालत नाही?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. हाय-स्ट्रेंथ बोल्टच कशाला, त्याऐवजी साधाच पण जाड बोल्ट घेतला तर काय बिघडतं, आणि शटडाऊनमध्ये (प्रकल्प दुरुस्तीसाठी बंद ठेवतात तेव्हा) काढलेले जुने बोल्ट परत लावावेत का. मी फ्लँज जोडण्यांच्या (पाइपांच्या टोकांच्या भोकं असलेल्या कडा बोल्टने एकमेकींना आवळतात त्या) तपासणीचं काम करतो, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

बोल्ट तुटू नये म्हणून तो मजबूत घ्यायचा, असं बहुतेकांना वाटतं. पण माझ्या पाहण्यात गळणाऱ्या फ्लँजचे बोल्ट बहुतेक वेळा शाबूतच असतात. त्यांच्यातला ताण उतरलेला असतो आणि गास्केटवरची, म्हणजे दोन फ्लँजमध्ये गळती रोखायला बसवलेल्या चकतीवरची, पकड सैल झालेली असते. आवळलेला बोल्ट ही मुळात एक अतिशय कडक स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्ट किंचित लांबतो, आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या ओढीमुळे दोन फ्लँज एकमेकांवर दाबले जातात. मजबूत पोलाद लागतं ते ही ओढ भरपूर साठवता यावी म्हणून.

आकडे घेऊन बघू. ८ इंची, १५० क्लासचा (क्लास म्हणजे दाब झेलण्याची श्रेणी) फ्लँज घ्या. त्याला पाऊण इंची ८ स्टड लागतात. (या उद्योगात डोकं असलेला बोल्ट फ्लँजवर कमीच दिसतो, दोन्ही टोकांना नट असलेला, पूर्ण आट्यांचा स्टडच वापरतात. बोलताना मात्र सगळे बोल्टच म्हणतात, मीही म्हणेन.) नेहमीचा स्टड म्हणजे एएसटीएम ए१९३ बी७ ग्रेडचा. क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद, पाणी चढवून (तापवून झटकन थंड करून) मग टेम्पर केलेलं (ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेताने तापवलेलं). अडीच इंचापर्यंतच्या जाडीत त्याची यील्ड स्ट्रेंथ, म्हणजे ज्या ताणापलीकडे तो कायमचा लांबतो ती मर्यादा, किमान ७२० मेगापास्कल आणि तुटण्याची ताकद किमान ८६० मेगापास्कल असते. हा स्टड यील्डच्या साधारण निम्म्यापर्यंत, म्हणजे ३४५ मेगापास्कलच्या आसपास आवळायची पद्धत आहे. तेवढ्यात पाऊण इंची एकच स्टड ७ टनांच्या आसपास ओढ देतो. आठांचे मिळून ५५ टनांच्या वर होतात.

आता दुसरी बाजू. या क्लासचा फ्लँज साध्या तापमानाला २० बारच्या जवळपास दाब झेलतो. त्या दाबाने फ्लँज एकमेकांपासून लांब ढकलले जातात, त्याचा जोर सुमारे १० टन भरतो. मग १० टनांसाठी ५५ टनांची पकड कशाला? कारण बोल्टला दोन कामं असतात. दाबाला तोंड देणं हे त्यातलं सोपं काम. स्पायरल वाउंड (धातूची पट्टी आणि मऊ भराव गुंडाळून केलेलं) गास्केट चेपून फ्लँजच्या तोंडावरच्या बारीक खाचांमध्ये बसवायचं, आणि पाईप तापला, थंड झाला, थरथरला तरी त्या गास्केटवरचा दाब एका मर्यादेखाली येऊ द्यायचा नाही, हे अवघड काम. बहुतेक टन तिथेच खर्ची पडतात.

साधा बोल्ट नेमका इथेच हरतो. १०० मिलिमीटर लांबीचा बी७ स्टड ३४५ मेगापास्कलपर्यंत आवळला की जेमतेम ०.१७ मिलिमीटर लांबतो. सगळी पकड या एवढ्याशा लांबण्यावर उभी असते. आवळून झाल्यावर गास्केट अजून थोडं बसतं, नटाखालचा रंग चेपतो, आट्यांवरचे उंचवटे मोडतात. समजा या सगळ्यात ०.०५ मिलिमीटर गेले. बी७ ची तीस टक्के ओढ गेली, तरी सत्तर टक्के उरली. तेच २४० मेगापास्कल यील्डचा साधा माइल्ड स्टीलचा बोल्ट निम्म्यावर आवळला, तर तो मुळात लांबतोच ०.०६ मिलिमीटर. त्यातले ०.०५ गेले की हातात काय राहिलं? सकाळी घट्ट असलेला बोल्ट संध्याकाळी हाताने फिरतो तो असा.

मग जाड का नाही, याचंही उत्तर यातच आहे. जाड बोल्ट तेवढ्याच ओढीला आणखी कमी लांबतो. टन तेवढेच मिळाले तरी लांबणं घटतं, आणि गास्केट जरा बसलं की ओढीचा मोठा हिस्सा जातो. शिवाय फ्लँजची भोकं ठरलेल्या मापाची असतात, तिथे जाड बोल्ट जाणारच नाही, हे वेगळं सांगायला नको. एएसएमई बी१६.५ या फ्लँजच्या मानकात कमी ताकदीच्या बोल्टना फक्त १५० आणि ३०० क्लासमध्येच परवानगी आहे, त्यालाही अटी आहेत.

याच मुद्द्यावर एक सापळा वारंवार दिसतो. किनाऱ्याजवळच्या प्रकल्पात बोल्ट गंजतात, म्हणून कोणीतरी सुचवतं, स्टेनलेस लावून टाका. स्टेनलेस महाग, चकचकीत, म्हणजे वरचाच असणार असा समज. पण बी८ क्लास १, म्हणजे साध्या ३०४ स्टेनलेसचा स्टड, याची किमान यील्ड २०५ मेगापास्कल आहे. बी७ च्या एक तृतीयांशही नाही. गंज गेला आणि पकडही गेली. स्टेनलेसच हवं असेल तर थंड ताणून ताकद वाढवलेला क्लास २ असतो, पण मग हिशेब पहिल्यापासून करावा लागतो. असे बदल स्टोअरच्या खिडकीवर ठरू नयेत, एवढंच म्हणेन.

तापमानाने ग्रेड बदलते, त्यात फार अडकत नाही. खूप थंडीत साधं पोलाद ठिसूळ होतं, म्हणून उणे १०१ अंशांपर्यंत आघात-चाचणी केलेली ए३२० एल७ ग्रेड वापरतात. द्रवरूप नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांवर असतो, तिथे स्टेनलेसची जात लागते. उलट टोकाला, फार उष्ण ठिकाणी बी७ हळूहळू आपला ताण सोडतो, म्हणून व्हॅनेडियम असलेली बी१६ घेतात.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती. जास्त ताकद म्हणजे जास्त सुरक्षितता, हे या उद्योगात सरळ चुकीचं आहे. पोलादाची ताकद वाढते तसा त्याचा हार्डनेस, म्हणजे कठीणपणाही वाढतो, आणि कठीण पोलादाचा शत्रू हायड्रोजन. हायड्रोजनचा अणू इतका लहान की तो पोलादात शिरतो, ताण जास्त असेल तिथे गोळा होतो आणि तिथे चीर पाडतो. वाईट भाग म्हणजे हे लगेच होत नाही. बोल्ट आवळला, तपासला, सही झाली, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी कोणीही हात न लावता तो तुटतो.

तेल-वायूमध्ये हा हायड्रोजन तीन वाटांनी येतो. पहिली वाट म्हणजे विहिरीतून येणारा हायड्रोजन सल्फाइड. असा वायू असलेल्या कामाला सोअर सर्व्हिस म्हणतात आणि तिथे आयएसओ १५१५६, म्हणजेच नेसचं एमआर०१७५ हे मानक लागू होतं. साध्या आणि लो-अलॉय (थोडे मिश्रधातू असलेल्या) पोलादाचा हार्डनेस २२ रॉकवेल सी (हार्डनेस मोजायची एक पट्टी) च्या वर नको, ही त्यातली सर्वांना पाठ असलेली मर्यादा. म्हणून बी७ चं मुद्दाम मऊ केलेलं भावंड आहे, बी७एम. त्याची यील्ड ५५० मेगापास्कल. सोअर वायूशी संबंध येणाऱ्या ठिकाणी हा कमी ताकदीचा स्टड जास्त सुरक्षित असतो. इन्सुलेशनखाली झाकलेल्या किंवा हवा न लागणाऱ्या फ्लँजचे बोल्टही यात धरावे लागतात, कारण गळलेला वायू तिथे साठून राहतो. हे अनेकदा सुटतं.

दुसरी वाट समुद्राखालची. गंज रोखायला पाण्याखालच्या सांगाड्याला कॅथोडिक प्रोटेक्शन (विजेच्या प्रवाहाने गंज थोपवणं) देतात. त्यात धातूच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. गंजावरचा इलाजच कठीण बोल्टला मारक ठरू शकतो.

तिसरी वाट तर आपणच उघडतो, जस्ताचा विद्युत मुलामा देताना. आम्लात धुणं आणि मुलामा देणं या दोन्ही पायऱ्यांत हायड्रोजन आत जातो. तो बाहेर काढायला बोल्ट लगेच भट्टीत साधारण २०० अंशांवर काही तास ठेवावे लागतात. ही पायरी सुटली तर काय होतं, याचं उदाहरण मेक्सिकोच्या आखातात डिसेंबर २०१२ मध्ये दिसलं. ब्लोआऊट प्रिव्हेंटरच्या (विहिरीतला उसळणारा दाब रोखणाऱ्या, विहिरीच्या तोंडावरच्या यंत्रणेच्या) वरच्या भागाच्या कनेक्टरमधले बोल्ट तुटले आणि ४०० बॅरलहून जास्त सिंथेटिक ड्रिलिंग द्रव समुद्रात गेला. अमेरिकेच्या बीएसईई या सागरी सुरक्षा नियामकाने २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यात हायड्रोजनमुळे पडलेल्या चिरा आणि मुलाम्यानंतर न केलेलं बेकिंग ही कारणं पुढे आली. मुलामा देणारा उपकंत्राटदार मानकाची जुनी आवृत्ती वापरत होता. जगभरातले दहा हजारांहून जास्त बोल्ट बदलावे लागले. रेखांकनात ग्रेड बरोबर होती, ताकदही होती. घोळ झाला पुरवठ्याच्या साखळीत, खालच्या पायरीवर. एपीआय २०ई हे बोल्ट बनवणाऱ्यांसाठीचं मानक याच काळातलं, आणि ते बोल्टच्या अंतिम चाचणीइतकंच कच्चा माल, उष्णता-प्रक्रिया आणि कारखान्यातली पद्धत यांकडे बघतं, हे मला फार योग्य वाटतं.

तुम्ही खरेदीच्या बाजूला असाल तर एक सांगून ठेवतो. मिश्रधातू ओळखणाऱ्या हातातल्या मशीनवर लोक फार विसंबतात. ते मशीन क्रोमियम, मॉलिब्डेनम दाखवेल. पाणी नीट चढलं का, टेम्पर झालं का, हे त्याला कळत नाही. टोकावर बी७ आणि नटावर २एच (नटाची ग्रेड) ठोकलेलं असणं, हीट नंबर (पोलादाच्या ओताचा क्रमांक) प्रमाणपत्राशी जुळणं, आणि लॉटमधल्या थोड्या नगांचा हार्डनेस प्रत्यक्ष मोजणं, हे तिन्ही लागतं. हार्डनेस तपासायला वेळ नाही असं सांगणाऱ्या पुरवठादाराशी मी वाद घालत नाही, माल परत पाठवायला सांगतो.

इतकं करून आणलेला स्टड आवळताना वाया घालवता येतो. टॉर्क रेंचने (ठरवलेल्या पिळाच्या जोराला, म्हणजे टॉर्कला, खूण देणाऱ्या पान्याने) लावलेल्या जोरातला निम्मा नटाच्या तोंडाखालच्या घर्षणात आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो. बोल्ट लांबवायला उरतात दहाएक टक्के. म्हणजे वंगण बदललं की सगळंच बदललं. कोरड्या स्टडसाठी काढलेला टॉर्क पीटीएफईच्या (टेफ्लॉनसारख्या घसरट पदार्थाच्या) निळ्या लेपाच्या स्टडला लावला तर ओढ जवळपास दुप्पट होऊ शकते; उलट केलं तर फ्लँज अर्धवट आवळलेला राहतो. दोन्ही प्रसंगी रेंच टक् असा आवाज करून काम झालं म्हणून सांगतो. त्यामुळे टॉर्कचा तक्ता मागताना आधी लेप आणि वंगण कोणतं ते विचारा. एएसएमई पीसीसी-१ या मार्गदर्शिकेतली जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे: समोरासमोरचे स्टड घेत आधी ३० टक्के, मग ७०, मग १००, नंतर ओळीने गोल फेऱ्या, नट हलायचे थांबेपर्यंत. किमान चार तासांनी पुन्हा एक फेरी मारली तर गास्केट बसल्यामुळे गेलेली ओढ बरीचशी परत मिळते. मोठ्या, महत्त्वाच्या जोडण्यांवर हायड्रॉलिक टेन्शनर बरा, कारण तो स्टडला सरळ ओढतो आणि घर्षणाचा जुगार बराच टळतो.

आवळण्याकडे दुर्लक्ष कुठवर नेऊ शकतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फाचं. ६ जुलै १९८८ ला तेल-वायू काढणाऱ्या या तळावरच्या एका कंडेन्सेट (वायूपासून मिळणाऱ्या हलक्या द्रव इंधनाच्या) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज (पाइपाचं तोंड बंद करणारी चकती) लावला होता. रात्री दुसरा पंप बंद पडला आणि हाच सुरू केला गेला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा निष्कर्ष असा की तो ब्लाइंड फ्लँज गळतीरोधक नव्हता. बोल्ट नुसते हाताने फिरवलेले असावेत. १६७ माणसं गेली. दोष एकट्या बोल्टचा अजिबात नव्हता. परमिट (दुरुस्तीच्या कामाचा लेखी परवाना) आणि शिफ्ट बदलताना न पोचलेली माहिती हे त्यातलं मोठं कारण. पण ती माहिती हरवल्यावर वायू आणि माणसं यांच्यामध्ये उरले होते ते एवढेच बोल्ट.

आता जुन्या बोल्टबद्दल. १ १/८ इंचाहून बारीक बी७ स्टड असतील आणि टॉर्कने आवळणार असाल, तर नट-स्टड दोन्ही नवे घ्या. साफ करणं, तपासणं आणि वंगण लावणं यातच त्यांच्या किमतीहून जास्त मजुरी जाते, आणि झिजलेल्या आट्यांमुळे घर्षणाचा अंदाज चुकतो तो वेगळाच. मोठे स्टड परत वापरता येतात, पण आटे ब्रशने साफ करून, नट पूर्ण लांबीभर हाताने फिरतो का ते बघून, आणि लांबी मूळ मापाशी पडताळून. कायमचा लांबलेला स्टड म्हणजे यील्ड ओलांडलेला स्टड, तो भंगारात. सोअर सर्व्हिसमधून काढलेले आणि इतिहास माहीत नसलेले स्टडही तसेच. आणि मुलामा उडाला म्हणून कोणी ते पुन्हा जस्त चढवायला बाहेर पाठवत असेल, तर आधी विचारा, बेकिंग कोण करणार आणि त्याची नोंद कोण देणार.