'ब्लीडिंग एज' म्हणजे नेमकं काय?

'कटिंग एज' कळतं, पण 'ब्लीडिंग एज' म्हणजे काय, असं विचारलंय. 'कटिंग एज' म्हणजे आघाडीचं, पण बऱ्यापैकी तावून सुलाखून निघालेलं तंत्रज्ञान. 'ब्लीडिंग एज' त्याच्याही पुढं: इतकं कोरं की धार वापरणाऱ्याचंच बोट कापते. 'कटिंग एज', 'लीडिंग एज' यांवरूनच केलेली ही कोटी, १९८० च्या दशकात इंग्रजीत रुळली.

आमच्या उद्यमनगरात एका शेडमध्ये सीएनसी मशीनवर (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं यंत्र) नवंकोरं सॉफ्टवेअर आल्या आल्या टाकलं. सकाळी पाळी सुरू झाली तर स्क्रीनवर नुसता अलार्म, घडवायचा तुकडा यंत्राच्या पकडीत तसाच अडकलेला. मालक म्हणाले, "सॉफ्टवेअर नाद खुळा हाय, पण माल कवा निघणार?" दुपारी जुनंच परत टाकलं. हे ब्लीडिंग एज!

त्यामुळं शब्दात कौतुक असलं तरी धोक्याची घंटाही असते. लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणारे तिच्या फेडोरा या प्रकाराच्या रॉहाइडला, म्हणजे रोज बदलणाऱ्या चाचणी आवृत्तीला, असं म्हणतात; डेबियन या दुसऱ्या प्रकाराच्या स्टेबलला, म्हणजे पारखून घेतलेल्या स्थिर आवृत्तीला, कुणी म्हणणार नाही.

मराठीत नेमका प्रतिशब्द मला तरी सापडत नाही. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' यातला 'पुढचा' मात्र हाच. वाक्यात असं वापरा: "घरी काय ते प्रयोग कर, दुकानाच्या बिलिंगला ब्लीडिंग एज नको."